हिणाचा हिशेब: जर्मन संस्थानांच्या चांदीच्या नाण्यांवरच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, ब्राउनश्वाइग

आज कामाला हात घातला. काय करायचं ते आधी इथं लिहून ठेवते, म्हणजे मध्येच भरकटले तर परत येता येईल.

गेल्या सहा वर्षांत जुन्या जर्मन संस्थानांची चांदीची अकरा नाणी माझ्याकडे जमली. सर्वांत जुनं सोळाव्या शतकातलं, सर्वांत नवं १७८६ चं. प्रत्येकाच्या नावावर किती चांदी असायला हवी होती, प्रत्यक्ष वजन किती भरतं आणि त्यात निव्वळ चांदी किती निघते, हे तीन आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडायचे. तक्ता मराठीत करायचा. थालर, म्हणजे जर्मन मुलखांतलं चांदीचं मोठं नाणं, म्हटलं की आपल्याकडे ‘डॉलर या शब्दाचं मूळ’ एवढ्यावर गोष्ट संपते. खरी गोष्ट तिथून सुरू होते आणि ती सांगायला लागणारे शब्द मराठीत तयार आहेत. कस, हीण, बट्टा, पारख, टांकसाळ, हे सगळे मी लहानपणापासून घरात ऐकलेले. बाबांनी सांगलीत चाळीस वर्षं सराफी केली.

नाणी न कापता, न घासता कस काढायचा तर एकच साधन हाताशी आहे, पाण्यातलं वजन. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६. नाणं आधी हवेत तोलायचं, मग दोऱ्याला टांगून पाण्यात. वजनातली घट म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. त्यावरून घनता, घनतेवरून हिणाचा, म्हणजे चांदीत मिसळलेल्या तांब्याचा, अंदाज. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा मागवलाय.

११ जानेवारी

काटा आला. आज फक्त मापांचा पाया घातला.

सगळ्या हिशेबाच्या मुळाशी कोलोन शहराचा मार्क आहे. हे वजन, २३३.८५६ ग्रॅम. त्याचे १६ लोट, एका लोटचे १८ ग्रेन. शुद्ध चांदी म्हणजे १६ लोट. ही संस्थानं ज्यात मोडत त्या पवित्र रोमन साम्राज्याच्या १५२४ च्या एस्लिंगनच्या नाणेकायद्यात असं होतं: १५ लोट कसाच्या एका मार्कातून ८ मोठी नाणी. १५६६ मध्ये राइशथालर, म्हणजे साम्राज्याचा थालर, कायद्यात आला तेव्हा संख्या ८ च राहिली, पण कस १४ लोट ४ ग्रेनवर आला. म्हणजे नाण्याचं वजन २९.२३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी २५.९८ ग्रॅम. हाच हिशेब उलट मांडला तर शुद्ध चांदीच्या एका मार्कातून बरोबर ९ थालर.

रात्री बाबांना हे आकडे वाचून दाखवले. ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, “अगं, एकोणतीस पूर्णांक तेवीस म्हणजे अडीच तोळे की.” मी गणकयंत्रावर करून पाहिलं, २.५०६. इतके दिवस हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तक्त्यात तोळ्यांचा चौथा रकाना वाढवला.

१९ जानेवारी

पहिली अडचण. सॅक्सनीचे दोन थालर आहेत, दोन्ही इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) आउगुस्टचे, दोन्ही ड्रेस्डेनच्या टांकसाळीचे. दोन्हींवर टांकसाळप्रमुख हान्स बीनर याची एच आणि बी ही अक्षरं. आउगुस्टने १५५६ मध्ये सॅक्सनीतल्या टांकसाळी बंद करून सगळं काम ड्रेस्डेनला राजवाड्याजवळ आणलं आणि बीनर तेव्हापासून १६०४ पर्यंत तिथं होता. एकाच माणसाच्या हाताखालची, एकाच कायद्याची ही नाणी. वजनं मात्र २९.१२ आणि २८.६३. अर्ध्या ग्रॅमचा फरक, आणि हलकं नाणं जास्त झिजलेलं म्हणावं तर तसंही नाही. त्याच्यावर इलेक्टरच्या दाढीचे केस मोजता येतात. छातीवरच्या चिलखताचे खिळे बोटाला लागतात. तलवारीच्या मुठीवरची नक्षी शाबूत आहे.

दोन तास पुस्तकं चाळल्यावर उलगडा झाला. कायदा एकेका नाण्याचं वजन बांधत नव्हता, तो घाण्याचं वजन बांधत होता. ८ नाणी मिळून एक मार्क भरला की टांकसाळीने आपलं काम केलं. त्यांतलं एक थोडं जड, एक थोडं हलकं चालायचं. पत्रा हातोड्याने बडवायचा, कात्रीने चकत्या कापायच्या आणि प्रत्येक चकती कानशीने घासून नेमकी करत बसायचं, हे परवडणारं नव्हतं.

मग ज्याच्याकडे काटा असेल त्याने काय करावं? शंभर थालर घ्यावेत, एकेक तोलावा, पारडं खाली नेणारे बाजूला काढून वितळवावेत आणि हलके पुन्हा बाजारात सोडावेत. कायदा अक्षरशः पाळला गेला तरी ही फट त्यात मुळापासूनच होती. पुढे १६१९ नंतर जे घडलं त्याच्या नावातच हा काटा आहे. हिणकस नाण्यांच्या त्या काळाला जर्मनमध्ये किपर-विपरचा काळ म्हणतात. त्यात पारडं कलंडण्याची क्रिया आहे आणि दांडी हेलकावण्याचीही. किपनचा दुसरा अर्थ कडा कातरणे असाही सांगतात.

दोन्ही नाण्यांची घनता १०.३० च्या आसपास. ८८९ कसाच्या चांदीची १०.२९ यायला हवी. बीनरचा कस खरा आहे.

२० जानेवारी

बाबांचा प्रश्न: टांकसाळीत पारख कोण करायचं? मालकानेच केली तर ती कसली पारख?

तिथं दोन माणसं वेगळी असायची. टांकसाळप्रमुख नाणी पाडायचा. वॉर्डाइन नावाचा अधिकारी त्याच्यापासून स्वतंत्रपणे कस तपासायचा. हाडाच्या राखेची छोटी वाटी करायची, त्यात नाण्याचा तुकडा शिशाबरोबर वितळवायचा. शिसं आणि तांबं राखेत मुरतं, वर चांदीचा मणी राहतो. तो तोलायचा. शिवाय साम्राज्याचे दहा विभाग होते आणि विभागवार सभांमध्ये सगळ्या टांकसाळींची नाणी तपासली जायची. कागदावर व्यवस्था चोख होती.

“कसोटीचा दगड?” बाबांनी विचारलं. तोही होता. पण चांदीला दगडावर नेमका कस लागत नाही, हे त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

२ फेब्रुवारी

टिरोलचा थालर. आर्चड्यूक फर्डिनांड दुसरा, हाल टांकसाळ. साल नाही.

हे नाणं टेबलावर सपाट बसत नाही. एका बाजूने दाबलं की दुसरी बाजू केसभर उचलते. विकत घेतलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी वाकवलंय. आज कळलं की ते जन्मतःच असं आहे. हालमध्ये १५६० च्या दशकात रुळांचं यंत्र आलं. पाणचक्कीवर फिरणाऱ्या दोन पोलादी रुळांवर ठसे कोरलेले, त्यांच्यामधून चांदीची पट्टी जायची. उसाच्या चरकातून ऊस जावा तशी. पट्टीच्या दोन्ही बाजूंना ओळीने छाप उमटायचे, मग ते कापून काढायचे. रुळाची गोलाई नाण्यात उतरते ती कायमची. छापही किंचित लांबट होतो. माझ्या नाण्यावरचा आर्चड्यूकचा चेहरा त्यामुळेच जरा ओढल्यासारखा दिसतो.

मोठं चांदीचं नाणं जन्मलं तेही याच गावात. टिरोलकडे श्वाझच्या खाणींची चांदी अमाप होती, सोनं नव्हतं. आर्चड्यूक सिगिस्मुंडने १४८६ मध्ये हालला सोन्याच्या एका गुल्डनच्या किमतीएवढी चांदी एकाच नाण्यात घातली. ६० क्रॉयत्सरचं (क्रॉयत्सर म्हणजे बारीक नाणं) हे नाणं ३२ ग्रॅमच्या जवळपास भरायचं. त्याला गुल्डिनर म्हणत.

नाव मात्र दुसऱ्याच दरीने दिलं. बोहेमियात, सॅक्सनीच्या हद्दीला लागून योआखिम्सथाल आहे, आजचं याखिमॉव्ह. थाल म्हणजे दरी. १५१६ च्या सुमारास तिथं चांदी लागली आणि श्लिक घराण्याच्या सरदारांनी १५२० पासून नाणी पाडायला घेतली. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह. योआखिम्सथालर, मग नुसतं थालर. स्टेफान श्लिक १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत गेला आणि १५२८ मध्ये राजा फर्डिनांड पहिल्याने टांकसाळ काढून घेतली. म्हणजे ज्या घराण्याने जगाला हे नाव दिलं, त्याच्या हाती हे काम जेमतेम आठ वर्षं होतं. त्याच खाणींच्या टाकाऊ काळ्या खनिजातून १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्युरी यांना रेडियम सापडलं, हे वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो.

९ फेब्रुवारी

गोसलारला जाऊन आले. रामेल्सबर्गची खाण १९८८ मध्ये बंद झाली आणि १९९२ पासून जागतिक वारशात आहे. छोट्या गाडीत वाकून बसायचं आणि आत जायचं. भिंतीवर हिरवे-निळे ओघळ, सगळीकडून ठिबकणारं पाणी. हार्त्सच्या डोंगरात चांदी मोकळी कमीच सापडते. ती शिशाच्या खनिजात लपलेली असते आणि शिसं जाळूनच वेगळी करावी लागते. वॉर्डाइनची राखेची वाटी आणि भट्टीवरचं हे काम एकच. एक चिमटीत मावतं, दुसऱ्याला अख्खी जंगलं लागली.

१६ फेब्रुवारी

आज मोजमाप नाही. ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलच्या घराण्याबद्दल लिहायचं राहून जात होतं. मी राहते त्या भागाचे हे राजे, आणि नाण्यांचा एवढा मनापासून वापर करणारं दुसरं घराणं मला तरी माहीत नाही.

ड्यूक युलिउसने १५७४ पासून ‘लोजर’ नावाची भलीमोठी नाणी पाडली, काही तर दहा-दहा थालर वजनाची. मधोमध ड्यूक, भोवती राशी आणि ग्रह. प्रजेने ऐपतीप्रमाणे ती विकत घ्यायची. खर्च करायची नाहीत. मागितली की दाखवायची. नड आली तर गहाण ठेवता येत. आपल्याकडे अडीनडीला मोडायचा डाग घरात असतो, त्याची आठवण होते. फरक एवढाच की डाग आपल्या नडीला मोडतो. लोजर ठेवायचा तो ड्यूकच्या नडीसाठी. त्याला युद्धाच्या वेळी राज्यात चांदी हाताशी हवी होती आणि ती त्याने लोकांच्या पेट्यांत साठवली.

त्याचा मुलगा हाइनरिख युलिउस सरदारांशी भांडला तो नाण्यांवरून. १५९५ चा बंडखोर थालर, मग असत्याचा थालर, १५९७ चा सत्याचा थालर. त्याच्यावर नग्न सत्यदेवता पायाखाली असत्य तुडवत उभी. १५९९ मध्ये गांधीलमाश्यांचा थालर आला: सिंहाभोवती घोंघावणाऱ्या माश्या आणि वर त्यांच्यावर झेपावणारा गरुड. त्याच्या आधी वडील युलिउसच्याही एका नाण्यावर रानमाणसाच्या हातात दिवा आणि चष्मा आहे. ज्याला स्वतःला ओळखायचं नाही त्याला दिव्याचा नि चष्म्याचा काय उपयोग, असा मजकूर आद्याक्षरांत कोरलाय. छापलेलं पत्रक सरदार जाळू शकले असते. पण अडीच तोळे चांदी कोण जाळतो? हाताहातातून ती फिरतच राहणार. ड्यूकचं हे गणित मला फार हुशारीचं वाटतं.

घंटेचे थालरही इथलेच. तीस वर्षांच्या युद्धात वोल्फेनब्युटेल १६२७ पासून सम्राटाच्या फौजेच्या ताब्यात होतं. ते १६४३ मध्ये परत मिळालं, तेव्हा ड्यूक आउगुस्टने सात वेगवेगळी नाणी काढली. एकावर लोलक नसलेली घंटा, एकावर नुसता लोलक, एकावर दोन्ही जुळलेली. वाटाघाटी किती रखडल्या हे त्या क्रमातून वाचता येतं. यांतलं एकही माझ्याकडे नाही आणि किमती पाहता येणारही नाही.

२२ फेब्रुवारी

माझ्याकडे रानमाणसाचे दोन थालर आहेत, दोन्ही फ्रीडरिख उलरिखच्या काळातले. उघडा, केसाळ, पानांचा कमरपट्टा बांधलेला, हातात मुळासकट उपटलेलं झाड. दोन्ही आज पाण्यात उतरवले.

पहिला: २८.८५, पाण्यात २६.०५, घट २.८०, घनता १०.३०. चोख.

दुसरा: २८.४०, पाण्यात २५.२४, घट ३.१६. घनता ८.९९.

तीन वेळा केलं. दोरा बदलला, पाणी उकळून गार केलं, नाण्याला चिकटलेले बुडबुडे मऊ ब्रशने काढले. आकडा हलला नाही. भिंगाखाली कडेला बारीक शिवण दिसते, साच्यात ओतल्याची. अक्षरांच्या मुळाशी सुईने टोचल्यासारखी भोकं आहेत. छापलेल्या नाण्यात अक्षराची कड करकरीत असते. इथं ती साबणाच्या वडीसारखी गोल आहे. तांबं, वर चांदीचा मुलामा.

चार वर्षांपूर्वी एका दुकानातून पावतीसकट घेतलं होतं. फोन केला. परत घेण्याची मुदत संपली, एवढंच उत्तर मिळालं. आकडे पाठवते म्हटलं, तर नको म्हणाले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की त्यांना खरंखोटं जाणूनच घ्यायचं नव्हतं. तक्त्यातली पाचवी ओळ खोडली. नाणी दहा.

१ मार्च

किपर. या नोंदीसाठी मी थांबले होते.

दोन नाणी आहेत, दोन्हींवर दुतोंडी गरुड, गरुडाच्या छातीवर गोल आणि गोलात १२ चा आकडा. म्हणजे १२ क्रॉयत्सर. वजनं २.३१ आणि १.९४ ग्रॅम. गरुडाच्या पंखांवर, जिथं नाणं सर्वांत उंच आहे, तिथं लाल तांबं उघडं पडलंय. खोलगट भागात अजून पांढरट झाक आहे. पाण्यात घट ०.२६ आणि ०.२२. एवढ्या छोट्या वजनाला माझा काटा अपुरा पडतो, शेवटचा आकडा एकाने हलला तरी घनता बरीच सरकते. म्हणून कसाचा आकडा लिहीत नाही, ‘मुख्यतः तांबं’ एवढंच लिहिते.

आता नावावर किती हवी होती? थालर ९० क्रॉयत्सरचा धरला तर १२ क्रॉयत्सरला साडेतीन ग्रॅमच्या आसपास चांदी लागते. इथं अख्ख्या नाण्याचं वजनच तेवढं नाही.

ही पांढरी झाक कशी आणायचे ते बाबांना लगेच कळलं. चकत्या मीठ आणि टार्टरच्या पाण्यात उकळायच्या. द्राक्षाच्या दारूच्या पिंपात आत खडे धरतात ते टार्टर. आंबटाने वरचं तांबं खाल्लं जातं, चांदीचा पातळ थर पांढरा होऊन वर राहतो. खऱ्या नाण्यांनाही असंच उजळायचे, त्यात लबाडी नाही. लबाडी आतल्या हिणात. नाणं टांकसाळीतून निघताना चांदीसारखं चमकायचं आणि बाजारात दोन-तीन महिने फिरलं की लाल व्हायचं. “आपण चिंच लावतो तेच,” बाबा म्हणाले आणि लगोलग, “तुझी ती काळी पडलेली नाणी चिंचेने घास की, लखलखतील.” त्यांना समजावलं की जुन्या नाण्यावरचा काळा थर हा त्याचा दाखला असतो, घासला की गेला. पटलं नसावं.

८ मार्च

किपरचं कारण एका ओळीत ‘युद्धाचा खर्च’ असं सांगून भागत नाही. युद्ध १६१८ मध्ये पेटलं, पण सुरुंग आधीच पेरलेला होता.

एका मार्कातून ८ थालर पाडायला जी मजुरी लागते ती ८ नाण्यांची. तेवढ्याच किमतीचे फेनिग पाडायचे तर नाणी शेकड्यांनी, ठसे झिजणार, कारागीर दिवस दिवस बसणार. कायद्याने बारीक नाण्यातही पुरेशी चांदी घालायला सांगितली होती. तसं केलं तर टांकसाळीला तोटा. म्हणून ज्यांच्या स्वतःच्या खाणी नव्हत्या त्यांनी बारीक नाण्यात हळूहळू हीण वाढवलं. थालर तोच राहिला, बारीक नाणी उतरत गेली. १५६६ मध्ये थालर ६८ क्रॉयत्सरचा होता, १६१८ पर्यंत ९० च्या घरात गेला. थालर वाढला नव्हता, क्रॉयत्सर उतरला होता.

मग १६१९ पासून बांध फुटला. राजे टांकसाळी ठेक्याने देऊ लागले. एकट्या ब्राउनश्वाइगच्या मुलखात डझनावारी टांकसाळी निघाल्या. शेजारच्या राज्याच्या छापाची नक्कल करून ती नाणी त्याच राज्यात खपवायची आणि तिथली चांगली नाणी उचलून आणायची. तांब्यासाठी हंडे-कढया गोळा केल्या. प्रागमध्ये १६२२ च्या जानेवारीत सावकार हान्स द विटच्या पुढाकाराने मोठी मंडळी एकत्र आली. त्यांत राजप्रतिनिधी लिख्टेनश्टाइन होता, सेनापती वालेनश्टाइनही होता. त्यांनी बोहेमिया, मोराविया आणि खालच्या ऑस्ट्रियाच्या टांकसाळी एका वर्षासाठी ६० लाख गुल्डनला घेतल्या. पूर्वी एका मार्क चांदीतून १९ गुल्डन पडत. यांनी ७९ पाडले. १६२२ मध्ये काही शहरांत एका थालरला १० गुल्डन मोजावे लागले. १० गुल्डन म्हणजे ६०० क्रॉयत्सर.

या आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबले. थालर कुणाकडे होते? व्यापाऱ्याकडे, सरदाराकडे, खंडणी भरणाऱ्या शहराकडे. मजूर, शिपाई, मोलकरीण, खेड्यातला शिक्षक, यांच्या हाती पडायचा तो क्रॉयत्सर आणि ग्रोशन. आठवड्याच्या शेवटी मिळालेली मजुरी पुढच्या आठवड्यात लाल व्हायची. शेतकरी ती नाणी घेईना, बेकरीवाला पाव देईना. माग्डेबुर्गमध्ये १६२२ साली लोक रस्त्यावर उतरले. शेवटी राजांचेच कर याच हिणकस नाण्यांत परत येऊ लागले, तेव्हा कुठे १६२३ मध्ये जुना कायदा पुन्हा उभा राहिला. थालर ९० क्रॉयत्सरवर थांबला. घरात साठवलेली किपर नाणी भंगाराच्या भावाने गेली.

कॅटलॉगांत थालरला पानभर रंगीत छायाचित्र मिळतं आणि किपर नाणी शेवटी, चार ओळींत, ‘सामान्य’ शेऱ्यासह असतात. माझ्या तक्त्यात मी त्यांना सर्वांत मोठी टीप देणार आहे.

९ मार्च

बट्टा या शब्दाबद्दल बाबांशी अर्धा तास. वेगवेगळ्या टांकसाळीची किंवा झिजलेली नाणी बदलताना सराफ जी कपात घ्यायचा ती बट्टा. नावाला बट्टा लागतो तो तिथूनच. तक्त्यात ‘नावावरची चांदी’ आणि ‘हातातली चांदी’ यांच्यातल्या फरकाला हेच नाव द्यायचं ठरलं. रकाना पाचवा: बट्टा.

१५ मार्च

एक सुखाची नोंद. ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचं २४ मारियनग्रोशनचं नाणं, म्हणजे दोन-तृतीयांश थालर. आकड्याखाली स्पष्ट लिहिलंय: शुद्ध चांदी. वजन १३.०२, घट १.२५, घनता १०.४२. जवळजवळ निर्भेळ. हार्त्सच्या खाणी घरच्या असल्यामुळे यांना हीण मिसळायची गरजच वाटली नाही.

याच नाण्यापाशी एक गुंता सोडवावा लागतो. १६६७ मध्ये ब्रांडेनबुर्ग आणि सॅक्सनीने त्सिन्ना इथं ठरवलं की शुद्ध मार्कातून साडेदहा थालर. १६९० मध्ये लाइप्त्सिशला ते १२ वर गेले. पण त्याच वेळी जुना, मार्काला ९ वाला थालरही पाडला जात होता. म्हणजे थालर दोन झाले, हातातला आणि वहीतला. वहीतला थालर हलका होत गेला आणि प्रत्यक्षात त्याचे दोन-तृतीयांश, एक-तृतीयांश असे तुकडेच पाडले जात. जुन्या कागदात ‘१०० थालर’ दिसले की आधी विचारायचं, कोणते? मी स्वतः पहिल्या मसुद्यात इथं चुकले होते, दोन ओळी पुन्हा लिहिल्या.

२३ मार्च

प्रशियाचा थालर, १७८६, बर्लिन. वजन २२.१०, घट २.२०, घनता १०.०५. योहान फिलिप ग्राउमानच्या सल्ल्याने फ्रीडरिख दुसऱ्याने १७५० मध्ये शुद्ध मार्कातून १४ थालर ठरवले. कस १२ लोट, शुद्ध चांदी १६.७० ग्रॅम. नऊवरून चौदावर. शेजारी १७६० च्या दशकातला सॅक्सनीचा कन्व्हेन्शन थालर ठेवलाय. हा ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या १७५३ च्या करारातला, मार्काला १०. एकाच काळात, एकाच नावाने, शेजारशेजारच्या दोन राज्यांत चांदी १६.७० आणि २३.३९.

आणि दहावं नाणं. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा आउगुस्ट तिसरा याचा छाप, ८ ग्रोशन, साल १७५३. साल खोटं आहे. सात वर्षांच्या युद्धात फ्रीडरिखने १७५६ मध्ये सॅक्सनी घेतली, लाइप्त्सिशची टांकसाळ हाती आली. त्याने ती फाइटेल एफ्राइम, डानिएल इत्सिग आणि भागीदारांना ठेक्याने दिली आणि सॅक्सन-पोलिश ठशांवर युद्धापूर्वीची सालं घालून हिणकस नाणी पाडून घेतली. अखेरीस मार्काला १४ ऐवजी आकडा ४० च्या घरात गेला. लोकांनी म्हण केली: बाहेरून सुंदर, आतून वाईट, बाहेरून फ्रीडरिख, आतून एफ्राइम. नाण्यांचं नाव आजतागायत एफ्राइमीट.

या नावाचा मला राग येतो. हुकूम राजाचा होता. ठेक्याची रक्कम दर वर्षी राजाने चढवली, त्या पैशावर राजाच्या फौजा लढल्या. १७६४ मध्ये चलन पुन्हा चौदावर आणलं त्याचं श्रेयही राजालाच मिळालं. ज्यू ठेकेदाराच्या नावाला मात्र कायमचा बट्टा. तक्त्यात मी या नाण्यापुढे ‘फ्रीडरिख दुसऱ्याचं युद्धकालीन नाणं’ असं लिहिलंय, रूढ नाव खाली टीपेत.

५ एप्रिल

बाबांनी आज न विचारता एक फोटो पाठवला. दुकानातल्या जुन्या खणात एक नाणं होतं. त्यांच्या वडिलांकडे एडनला नोकरी करून आलेल्या एका कुटुंबाने मोडायला आणलेलं, ते वितळवायचं राहून गेलं. बाबा त्याला ‘राणीचा रुपया’ म्हणत आले.

फोटो मोठा केला. भरल्या चेहऱ्याची, डोक्यावर पदरासारखं वस्त्र घेतलेली स्त्री, खांद्याला मोत्यांची टाचणी. खाली एस आणि एफ. मारिया टेरेझा थालर.

ही दोन अक्षरं ग्युन्त्सबुर्ग टांकसाळीच्या शोब्ल आणि फाबी या अधिकाऱ्यांची. गाव आज बव्हेरियात, तेव्हा ऑस्ट्रियाच्या श्वाबियातल्या मुलखात होतं. मारिया टेरेझा १७८० मध्ये वारली. तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरचे व्यापारी हाच छाप ओळखत, दुसरा घेत नसत, म्हणून पुढची दीडशेहून अधिक वर्षं तेच साल घालून ही नाणी पाडली गेली. एडन तर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्याच कारभारात होतं. आणि खुद्द मुंबईच्या टांकसाळीने दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये, हे थालर पाडले आहेत. १९३५ मध्ये ठशांचा हक्क मुसोलिनीच्या इटलीने व्हिएन्नाकडून घेतला होता, तेव्हा ब्रिटिशांनी आपल्याकडे पाडायला घेतले. बाबांचं नाणं यांतल्या कुठल्या टांकसाळीचं, ते टाचणीतले मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसं जुळवून पाहावं लागेल. फोटोवरून होणार नाही.

त्यांना विचारलं, “बाबा, चिंच नाही ना लावली?”

“नाही गं. तू सांगितलंस ना.”

१२ एप्रिल

सांगलीत दुपार, इथं सकाळ. बाबांनी फोन बरणीला टेकवून उभा केला. आधी जुन्या तराजूत, पितळी वजनं टाकून तोललं, कारण त्यांचा हात त्यावरच बसलाय. गुंजा टाकताना बोट थरथरत होतं, पण दांडी स्थिर होईपर्यंत ते बोलले नाहीत. “दोन तोळे, चार मासे, सात गुंजा.”

मग नातवाचा इलेक्ट्रॉनिक काटा. हवेत २८.०४. आईने वाटीत पाणी आणलं, शिवणाच्या दोऱ्याचा फास केला. नाणं वाटीच्या तळाला टेकत होतं, म्हणून दोरा आखूड करावा लागला. बुडबुडे काढायला काही नव्हतं, तेव्हा आईने मोरपिसाची काडी दिली. पाण्यात २५.२९.

घट २.७५, घनता १०.२०. कन्व्हेन्शनच्या कसाला, ८३३ ला, हीच यायला हवी.

“बट्टा किती?” बाबांनी विचारलं.

कस पुरा आहे, म्हणून फरक वजनातलाच: नावावर २८.०७, हातात २८.०४. तीन शतांश ग्रॅम, झिजेचे. खोडलेल्या पाचव्या ओळीनंतर तक्ता दहावर थांबला होता. अकरावी ओळ आज भरली. ठिकाणाच्या रकान्यात ‘सांगली’, तोलणाऱ्याच्या रकान्यात बाबांचं नाव.